गरज दुसऱ्याची, हौस आपली

छंदाचा धंदा करू नये, असं आपल्याकडे फार प्रेमाने सांगितलं जातं. गाणं आवडतं ना, मग नोकरी सांभाळून गा. चित्रं आवडतात, तर रविवारी काढ. पैसा मध्ये आला की गोडी जाते, असं त्यामागचं कारण सांगतात. गाण्याबद्दल ते कितपत खरं आहे, हे गाणाऱ्यांनी सांगावं. ग्राफिक डिझाइनबद्दल मात्र, इतकी वर्षं याच कामावर घर चालवल्यावर, मी ठामपणे म्हणते की हा सल्ला इथे लागूच पडत नाही. चित्र स्वतःसाठी काढता येतं, कविता वहीत लिहून ठेवता येते. पण औषधाच्या बाटलीवरचं लेबल, पुस्तकाचं मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात, लग्नपत्रिका, एसटी स्टँडवरचं वेळापत्रक या गोष्टी कुणाला तरी काहीतरी सांगायचं असतं म्हणूनच जन्माला येतात. सांगणारा आणि वाचणारा काढून घेतला तर मागे नुसते रंग आणि आकार उरतात. डिझाइनची ज्याला हौस आहे, त्याची हौस मुळातच दुसऱ्याच्या गरजेत गुंतलेली असते. गिऱ्हाईक येईपर्यंत तिला सुरुवातच होत नाही.

मी सांगलीत वाढले. तेव्हा दुकानांच्या पाट्या पेंटर हाताने रंगवत. शाळेतून येताना एखादी पाटी रंगत असली की माझे पाय तिथेच थांबायचे. पेंटर खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी पाटीवर ताणून धरायचा आणि टणकन सोडायचा. शिरोरेघेची एक आणि तळाची एक, अशा दोन सरळ रेषा उमटायच्या. मग तो खडूने अक्षरं हलकी मांडून बघायचा. ‘किराणा भुसार मालाचे व्यापारी’ एवढं एका ओळीत बसवायचं म्हणजे शेवटचा ‘री’ पाटीबाहेर जाता कामा नये. जागा कमी पडतेय असं दिसलं की ‘मालाचे’ जरा आखडून घ्यायचं. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला कापडाची बोंडी, आणि त्या काठीवर उजवं मनगट टेकवलेलं, म्हणजे हात हलत नाही आणि ओला रंगही पुसला जात नाही. दुकानाचं नाव लाल, ठसठशीत, एका अंगाला सावली दिलेलं. मालकाचं नाव खाली कोपऱ्यात, लहान, निळं. रस्त्याच्या पलीकडून सायकलवरून जाणाऱ्याच्या नजरेत आधी काय भरलं पाहिजे, हे त्याने मनाशी पक्कं केलेलं असायचं. पुढे कॉलेजात कशाला मोठं करायचं, कशाला लहान, दोन अक्षरांत मोकळी जागा किती, हे तासन्‌तास शिकवलं गेलं. मला ते त्या काठीसकट डोळ्यांपुढे दिसत होतं.

दुसरी शाळा घरातच होती, रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान. नाटक बघायला मिळायचं क्वचित, पण ते पान दर आठवड्याला मिळायचं. त्या पानावर वर्षानुवर्षं राज्य केलं ते कमल शेडगे (1935–2020) यांच्या अक्षरांनी. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरी करत त्यांनी असंख्य नाटकांची, मासिकांची, चित्रपटांची नावं रेखाटली. आता त्यांना काय मिळत होतं ते बघा. कॉलमाची ठरलेली रुंदी, वर्तमानपत्राचा खरखरीत कागद, रंग एकच काळा, शेजारी दहा जाहिराती आणि निर्मात्याची घाई. एवढ्याशा जागेत, चित्राचा आधार न घेता, नुसत्या नावाच्या वळणातून नाटक ऐतिहासिक आहे की फार्स आहे हे वाचणाऱ्याला जाणवायला हवं. शिरोरेघ कुठे तलवारीसारखी ताणायची, कुठे ती सोडूनच द्यायची, हे ते दर नावाला नव्याने ठरवत. निर्मात्याने नाव दिलं नसतं, जागा मोजून दिली नसती, तर हे अक्षर झालंच नसतं. मोकळीक मिळाली की कला फुलते असं म्हणणाऱ्यांनी ते पान एकदा डोळ्यांखालून घालावं.

दीनानाथ दलालांचंही तसंच. मडगावहून आलेला हा चित्रकार 1945 पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा दिवाळी अंक काढत होता. दिवाळीच्या तोंडावर स्टॉलवर शंभर अंक शेजारी शेजारी लटकलेले असताना आपलाच अंक उचलला जावा, ही काळजी त्यांना चित्रकार म्हणून जेवढी, तेवढीच मालक म्हणूनही करावी लागत होती. त्या काळजीने त्यांच्या रेषेचं काही बिघडलं नाही.

आणि र. कृ. जोशी. यांचं काम तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांचं नाव माहीत नसताना वाचलेलं आहे. विंडोज 2000 पासून संगणकावर मराठी उमटवणारा ‘मंगल’ हा फाँट त्यांनी रेखाटला. ते कवी होते, जाहिरात क्षेत्रात होते, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत होते. बोरूने मोठमोठी अक्षरं लिहिणाऱ्या या माणसाने पडद्यावरच्या चिमुकल्या ठिपक्यांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कसे ओळखू येतील यावर डोकं खपवलं. तहसील कचेरीतल्या अर्जांपासून शाळेच्या परिपत्रकांपर्यंत कित्येक वर्षं तो फाँट चालला. कुणी त्याला सुंदर म्हणत नाही, आणि त्याने मला काही वाटत नाही. मराठी टाइप केल्यावर चौकटी चौकटी न दिसता मराठीच दिसली, हे तेव्हा केवढं मोठं काम होतं, हे ज्यांनी चौकटी बघितल्यात त्यांना विचारा.

माझं रोजचं काम याच वाटेवरचं आहे, आणि खरं प्रेम कुठे करावं लागतं ते इथेच कळतं. आपली सगळी सॉफ्टवेअर रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहेत. पॉइंट म्हणजे अक्षराचं माप. तुम्ही 10 पॉइंटचं अक्षर घेतलंत की इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आपणहून 12 पॉइंटची ओळ देतं. इंग्रजीला ते छान बसतं. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत अडकतात, आणि वाचणाऱ्याला काही तरी दाटीवाटी आहे एवढंच जाणवतं. त्याच अक्षराला 14–15 पॉइंटची ओळ दिली की पान मोकळा श्वास घेतं. पण मग चार पानांचा मजकूर पाच पानांवर जातो, आणि पाचव्या पानाच्या खर्चाबद्दल गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. हे बोलणं टाळून ओळी चेपून देणारे पुष्कळ आहेत. मी बोलते. मजकूर थोडा कापा, नाहीतर पान वाढवा, पण आजीच्या चष्म्याला त्रास देऊ नका.

अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजीतली फॅशन मराठीत आणली की शिरोरेघेचे तुकडे होतात आणि शब्द तुटक्या तुटक्या फळ्यांसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडायचा राहिला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर, मॉलच्या भिंतीवर, कधी कधी मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींतसुद्धा अशी मराठी बघितली की मला मनापासून वाईट वाटतं. ज्याने ते लावलं त्याला वाचता येत नसेल, पण मंजूर करणाऱ्या साखळीत एकालाही ते खटकलं नसेल? फुकटातले कित्येक फाँट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देतात. मराठी वळणाचे हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते, आणि त्या फाँटमध्ये ती सोय मुळात असावी लागते. ‘दऱ्या’मधला अर्धा र ज्यात नाही, असा फाँट सह्याद्रीच्या दऱ्यांचा बघता बघता दर्या करून टाकतो. ट्रेकिंगच्या एका पत्रकात मी हे शेवटच्या प्रुफात पकडलं होतं.

आता परिस्थिती खूप बरी आहे. मी काम सुरू केलं तेव्हा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसायची; लेखकाचं हस्तलिखित, टायपिस्टची फाइल आणि आमची फाइल या तीन वेगळ्या दुनिया होत्या. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फाँट गूगलवरून कुणालाही फुकट घेता येतात. त्यातलं एकेक जोडाक्षर कुणीतरी बसून रेखाटलेलं आहे. नवीन मुलांना माझं सांगणं असतं की एखादा फाँट उघडा आणि त्यातले ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ष्ट्र’, ‘ङ्क’ मोठे करून बघा. आपल्या लिपीत एका फाँटला शेकडो आकार लागतात. ते कुणी का केले असतील, याचा विचार करताना अंगावर काटा आला तर या क्षेत्रात या.

अक्षर जुळलं की काम संपत नाही, छापखाना असतो. पडद्यावर चमकणारा निळा कागदावर मळकट उतरतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने. पुण्यात नारायण पेठेतल्या ज्या छापखान्यात मी जायची तिथले मशीनमन काका प्रत्येक नव्या मुलामुलीच्या हातात भिंग द्यायचे. ‘ताई, हे बघा,’ म्हणत त्यांनी मला एका पत्रकाचा बारीक मजकूर दाखवला. साध्या डोळ्यांना तो काळा होता. भिंगाखाली प्रत्येक अक्षराला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळसर किनार सुटलेली दिसत होती. ज्याने फाइल केली त्याने काळा रंग चार शाया मिसळून घेतला होता; दर शाईची एक अशा चार प्लेटा केसभर जरी हलल्या तरी बारीक अक्षराची धार जाते. बारीक मजकूर एकाच काळ्या शाईत ठेवायचा, कडेला कापायला 3 मिलिमीटर जास्तीचा रंग सोडायचा, घडीच्या रेषेवर डोळे-नाक येऊ द्यायचं नाही, जाड कार्डावर घडी घालण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ, करून घ्यायचं. हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं पक्कं शिकवलं नाही जितकं त्या शाईच्या वासात दोन तास उभं राहून कळलं. काका रंग बघायचे ते दारात, उन्हात नेऊन. ट्यूबलाइटखाली पास केलेला पिवळा दिवसा हिरवट निघतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

लग्नपत्रिकेला आमच्या व्यवसायात हलकं काम समजतात. मला ते फार आवडतं, आणि एका पत्रिकेचं सविस्तर सांगते. मुलगा-मुलगी दोघं नोकरीला, त्यांना मोकळी, आजच्या पद्धतीची पत्रिका हवी होती. दोन रंग, भरपूर पांढरी जागा. मुलाचे वडील यादी घेऊन आले. वर ‘श्री गजानन प्रसन्न’, कुलदैवत, ग्रामदैवत, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग आजोबांचं नाव, निमंत्रक, आपले विनीत, आणि विनीतांची चांगली दीड पानं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, एवढी नावं कोण वाचतं?’ बाबा म्हणाले, ‘ज्याचं त्याचं नाव जो तो वाचतो.’ माझ्या दृष्टीने त्या दिवशीचं सगळं डिझाइन त्या एका वाक्यात होतं. पत्रिका हातात आली की माणूस आधी तारीख बघत नाही, आधी आपलं नाव शोधतो. ते सापडलं, योग्य ठिकाणी सापडलं, की मग लग्नाला जायची तयारी. म्हणून मी पत्रिकेची दोन अंगं केली. बाहेरच्या बाजूला त्या दोघांना हवी तशी मोकळी जागा, दोन नावं, दिवस, वेळ, कार्यालय. आत उघडल्यावर डावं पान सगळं नावांचं: आजोळ एकत्र, काका-आत्या एकत्र, प्रत्येक घराला स्वतंत्र ओळ, आणि अक्षर सगळ्यांचं एकाच मापाचं. थोरल्या आत्यांचं नाव वर असावं की धाकट्या काकांचं, यावर त्या घरात दोन संध्याकाळी चर्चा झाली. मी ती ऐकत बसले, कारण ती चर्चा म्हणजेच माझा आराखडा होता. थोरल्या आत्या वर आल्या. कच्ची प्रत त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी बोट फिरवत एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि मावसभावाच्या सुनेचं सुटलेलं नाव काढून दिलं. इतका चोख प्रुफरीडर मला परत मिळाला नाही.

आता पैशाचं. यावर गुळमुळीत बोलणं मला पटत नाही, कारण घरच्यांचा विरोध असतो तो कलेला नसतो, महिन्याच्या अखेरीला असतो. सुरुवातीची वर्षं तंगीची जातात. ‘लोगो काय, पाचशेत करून देतात’ हे ऐकावं लागतं. ‘तू तर पाच मिनिटांत करशील’ हे नातेवाइकांकडून, आणि तेही लाडाने, ऐकावं लागतं. एका बिल्डरने संपूर्ण माहितीपुस्तक छापून घेतलं आणि माझं बिल तसंच ठेवलं. ते पैसे गेले. त्यानंतर मी निम्मी रक्कम आधी घेते, किती वेळा दुरुस्त्या करून मिळतील हे लिहून देते, आणि मजकूर तपासून पूर्ण आल्याशिवाय मांडणीला हात लावत नाही. ज्या दिवसापासून हे सुरू केलं त्या दिवसापासून गिऱ्हाइकं कमी झाली आणि कामं चांगली झाली. लोगोसाठी जो माणूस पैसे मोजतो तो रेषा विकत घेत नाही. त्याच्या धंद्याची पायरी चढून, त्याच्या गिऱ्हाइकांशी बोलून, शेजारच्या चार पाट्या बघून मग जे ठरवलं जातं, त्याचे ते पैसे असतात. हे मी प्रत्येक पहिल्या भेटीत सांगते. न लाजता सांगावं.

शिकायचं कुठे, हे हल्ली मुलांपेक्षा त्यांचे आईवडील जास्त विचारतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा द्याव्यात, हात बसतो. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 पासूनचं. तिथे 1935 मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि त्याचीच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, कोल्हापुरात चांगली कला महाविद्यालयं आहेत, आयआयटीच्या अभिकल्प केंद्राची वाट प्रवेशपरीक्षेतून जाते. यातलं कुठलंही चालेल. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं. बघायला शिकायला वेळ लागतो, आणि वाचायला शिकायला त्याहून जास्त. मजकूर न वाचता मांडणी करणारा डिझायनर मी कामावर ठेवत नाही.

यंत्रं आता चित्रं काढून देतात, तयार साच्यात नाव टाकलं की पोस्टर तयार होतं. ज्यांचं काम साच्यात नाव टाकण्याएवढंच होतं, त्यांच्यासाठी दिवस अवघड आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. त्यातले कित्येक माझ्या ओळखीचे डीटीपीवाले आहेत, ज्यांनी गावोगावची मासिकं आणि वधू-वर सूचीपत्रकं इतकी वर्षं जिवंत ठेवली. पण त्या पोस्टरवर नजर टाका, मराठी अक्षरं कितीदा तरी मोडलेली, नसलेल्याच लिपीतली वाटतात. आणि समजा उद्या ती नीट झाली, तरी थोरल्या आत्यांचं नाव वर का, हे घरात बसून ऐकावंच लागणार आहे.

मराठीत करण्यासारखं काम डोंगराएवढं पडलेलं आहे. औषधाच्या पाकिटातली माहिती, बँकेचे अर्ज, दवाखान्यातल्या पाट्या, विजेचं बिल. वर्षातून एकदा मी विद्यार्थ्यांची कार्यशाळा घेते, तिथे पोस्टर करायला देत नाही. आपापल्या घरचं विजेचं बिल आणायला सांगते आणि घरातल्या तीन माणसांना त्यातलं काय कळतं ते विचारून यायला सांगते. मुलं परत येतात ती चक्रावून. कुणाच्या आईला शेवटची तारीख सापडत नाही, कुणाच्या बाबांना मागची थकबाकी आणि चालू रक्कम यांतला फरक उलगडत नाही. मग दोन दिवस त्याच मापाच्या कागदावर, त्याच आकड्यांसह, एकही रंग न वाढवता ते बिल पुन्हा मांडायचं. पहिल्या दिवशी कुरकुर होते. दुसऱ्या दिवशी जेवायला उठवावं लागतं.

या वेळी सातबारा द्यायचं ठरवलंय. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, गट क्रमांक, हेक्टर-आर, पोटखराबा, फेरफार, इतर अधिकारांचा तो गच्च भरलेला रकाना. एका मुलीने आत्ताच विचारलंय की तिच्या आजोबांना कार्यशाळेत घेऊन आली तर चालेल का. मी म्हटलं, आजोबांना आधी पाठव, तू मागाहून ये.